सारजाबाईची सुपारी

सारजाबाई तुपे बजाजनगरात बाळंतिणींना आणि तान्ह्या पोरांना न्हाऊमाखू घालायची. कंपन्यांत कामाला आलेल्या घरांतल्या निम्म्या पोरांची नाकं आपणच तेलाच्या चिमटीत धरून सरळ केली, असं ती सांगायची. ज्यांची बसकी राहिली, त्यांच्या आयांनी मधेच दुसरी बाई लावली, हेही सांगायची. तिचा आवाज असा होता की तिनं न्हाणीघरात अंगाई म्हटली की शेजारच्या इमारतीतलं मूल झोपायचं आणि हातातलं जागं व्हायचं.

एका रविवारी चर्चच्या उपासनेत पाळक अतुल म्हणाले, "प्रभूनं आपल्याला नुसतं बाकावर बसायला सांगितलं नाही. जा, लोकांना सांगा, शिष्य करा, असं सांगितलं." मंडळी 'आमेन' म्हणाली आणि मटणाच्या ओढीनं घरी गेली. सारजाबाई मात्र दारातच उभी राहिली.

"पाळकसाहेब, मी येशूच्या मागं येऊन इतकी वर्सं झाली. माझा शिष्य कुठं हाय?"

"मावशी, प्रत्येकाला असतोच असं नाही."

"मग सांगितलं कशाला?"

पाळक बायबल मिटून काखेत घालायला लागले. सारजाबाईनं ते होकारासारखं घेतलं.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तिनं चौकातल्या कडुनिंबाखाली प्लास्टिकचं स्टूल मांडलं, त्यावर चढली आणि हरवलेल्या मेंढराची गोष्ट सुरू केली. ऐकायला एक शेंगदाणेवाला होता. तोही गाडा लावायला तीच जागा बरी म्हणून थांबलेला. ती घाबरलेली होती, पण तोंड उघडल्यावर आवाज काही घाबरला नाही. तो पार मारुतीच्या देवळापर्यंत गेला.

तिथं श्रीनिवासराव जोशी उभे होते. श्रीनिवासराव चौकातल्या उत्सव मंडळाचे अध्यक्ष. कंपनीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि सरळ मनाचे. आपल्या चौकात आपल्याला न विचारता पानही पडू नये, असं त्यांना मनापासून वाटे.

"सारजाबाई, हे इथं चालणार नाही," ते येऊन म्हणाले.

"साहेब, मी कुणाला बळजबरी करत नाय. ज्याला ऐकायचं तो ऐकंल."

"तुमचा आवाज असा आहे की ज्याला ऐकायचं नाही त्यालाही ऐकावं लागतं!"

यात खोटं काहीच नव्हतं. अडचण अशी की, दुसऱ्याच दिवशी सकाळी सारजाबाई त्यांच्याच न्हाणीघरात त्यांच्याच नातवाला आंघोळ घालत होती. सुनेला दुसरी बाई नको होती, नातवालाही नको होती. श्रीनिवासराव वर्तमानपत्राआड बसून राहिले.

"साहेब, पोराची टाळू भरत आलीय बघा," सारजाबाई आतून ओरडली.

"बरं बरं," ते वर्तमानपत्रामागून म्हणाले, आणि रविवारी पुन्हा विरोधाला उभे राहिले.

विरोध वाढत गेला. मंडळातल्या कुणीतरी स्टूल पळवलं. सारजाबाई पालथी बादली घेऊन आली. एका गच्चीवरून कुणीतरी खरकटं पाणी ओतलं. ती भिजून घरी गेली, रडली, आणि पुढच्या वेळी छत्री घेऊन आली. दोघं पोरं गाडीवरून तिच्याभोवती हॉर्न वाजवत फिरली. घसरून ती बादलीवरून खाली आली. पण गोष्ट उभ्यानंच पुरी केली.

मग एका रविवारी दुपारी शेजारची आबेदा धापा टाकत आली.

"मावशी, आज मत जाओ! किराणा दुकानात ऐकलं मी. जोशीसाहेबांनी तुमची सुपारी दिलीय."

"सुपारी?"

"व्हय. बन्सी नावाचा कुणी हाय. लई जण घेऊन येणार म्हणं. सारजाबाईचं तोंड बंद करायचं, असं ठरलंय."

सारजाबाई मटकन खाली बसली. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, उठून तोंड धुतलं आणि पेटीतलं पांढरं लुगडं काढलं.

"हे कशाला?" आबेदानं विचारलं.

"गेलेच तर पुन्हा बदलायची कटकट नको."

आबेदा रडकुंडीला आली. पण सारजाबाई निघालीच, तेव्हा तीही ओट्यावरचं लाटणं पदराखाली घेऊन मागोमाग निघाली.

चौकात गर्दी नव्हती. सारजाबाई बादलीवर चढली. समोरच्या गल्लीतून एक मोठा टेम्पो आला आणि चर्रकन थांबला. आतून लाल डगला घातलेला, मिशा पिळलेला, भलाथोरला माणूस उतरला. त्याच्या हातात काहीतरी लांब चमकत होतं. आबेदानं लाटणं बाहेर काढलं. सारजाबाईनं डोळे मिटून घेतले आणि मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, याला क्षमा कर!"

त्या माणसानं ते चमकणारं तोंडाला लावलं. ट्रम्पेट होतं.

त्याच्या मागून अख्खा बँड उतरला. सुपारी बँडची होती. सारजाबाईनं तोंड उघडलं की वाजवायचं, एवढंच बन्सी बँडमास्तरला सांगितलं होतं. आबेदानं लाटणं हळूच पदराखाली घातलं. सारजाबाईला मात्र एवढं हसू आलं की पहिली काही मिनिटं बँडला वाजवायचं कारणच मिळालं नाही.

मग बँड सुरू झाला आणि श्रीनिवासरावांच्या लक्षात न आलेली गोष्ट घडली. बजाजनगरात बँड वाजला आणि लोक घरात बसले, असं कधी झालंय? पोरंटोरं आली. पाळी सुटलेले कामगार थांबले. बायका पोळ्या टाकायच्या सोडून गॅलरीत आल्या. एका आजोबांनी टोपी सावरत विचारलं, "नवरदेव कुठंय?" चौक गच्च भरला. सारजाबाईच्या आयुष्यात एवढी मंडळी कधी जमली नव्हती.

फुंकणारा माणूस शेवटी दम खातोच. बँड थांबला की सारजाबाई बोलायची.

"एका बापाला दोन पोरं! धाकटा म्हणला, बाबा, तू मरायची वाट कोण बघंल, माझी वाटणी आत्ताच टाक!"

"वाजवा!" श्रीनिवासराव ओरडले. बँड वाजला. थांबला.

"बापानं दिली! पोरगं गेलं परमुलखात! चैन, मित्र, रोज हॉटेलात जेवण!"

"वाजवा!"

पण या खेपेला क्लॅरिनेटवाला अफजल सूर धरायला उशिरा आला. त्याच्यापुढच्या खेपेला ढोलवाला सम्यक आलाच नाही. तो टिपऱ्या हातात धरून सारजाबाईकडं बघत होता.

"आणि मग दुष्काळ पडला! मित्र पळाले! पोरगं लोकाची डुकरं राखायला लागलं. भूक तर अशी, की डुकराच्या पुढचं खावं वाटायचं!"

"वाजवा! अरे वाजवा ना!"

"थांबा हो साहेब," बन्सी ट्रम्पेट खाली घेऊन म्हणाला, "पोरगं डुकरात बसलंय."

"मी तुम्हाला गोष्ट ऐकायला बोलावलंय का?"

"पण असं मधेच कसं सोडायचं? उठू तर द्या त्याला तिथनं."

वरच्या गॅलरीतून श्रीनिवासरावांच्याच पत्नीचा, अनसूयाबाईंचा आवाज आला, "अहो, जरा गप्प बसा, ऐकू येत नाहीये!"

तेवढ्यात पोलिसांची मोटारसायकल आली. हवालदारांनी गर्दीतून वाट काढत विचारलं, "आवाजाची तक्रार कुणी केली?"

"मी," श्रीनिवासराव म्हणाले. त्यांनी ती दुपारीच करून ठेवली होती.

"आवाज कुणाचा?"

"या बाईंचा!"

हवालदारांनी बादलीवरच्या बाईकडं पाहिलं, मग तिच्यापुढच्या अख्ख्या बँडकडं पाहिलं. "आणि हा बँड कुणी आणला?"

श्रीनिवासराव सरळ मनाचे होते, हे मघाशी सांगितलंच. ते म्हणाले, "मीच."

चौक असा हसला की टेम्पोवरची कबुतरं उडाली. हवालदारांनी वही काढली तशी सारजाबाई बादलीवरून उतरली.

"साहेब, त्यांच्यावर काय लिहू नका. सज्जन माणूस हाय. आज त्यांच्यामुळंच तर एवढी माणसं ऐकायला आली."

"मावशी, तुमचं किती राहिलंय?"

"पोरगं घराकडं निघालंय."

"मग उरका लवकर," हवालदार म्हणाले, आणि हेल्मेट काढून मोटारसायकलला टेकून उभे राहिले.

सारजाबाईनं उरकलं नाही. बाप लांबून पोराला बघून कसा पळत सुटला, हे तिनं स्वतः चार पावलं पळून दाखवलं. बापानं मेजवानी घातली तेव्हा शेंगदाणेवाल्यानं डोळे पुसले. मग तिनं सांगितलं, की शेतात राबणारा मोठा भाऊ घरी आला, वाजंत्री ऐकून रुसला आणि दाराबाहेरच उभा राहिला.

"बरोबरच हाय त्याचं!" बन्सी एकदम गरजला. "जन्मभर राबला तो. त्याला एक बोकड तरी कापला का कधी? हा कुठला न्याय, मावशी?"

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. सारजाबाईला एवढा रागावलेला श्रोता पहिल्यांदाच भेटला होता.

"उद्या घरी ये," ती म्हणाली. "सावकाश भांडू."

तो खरंच आला. त्याचा धाकटा भाऊ ऋतुराज बँडचा टेम्पो आणि कीबोर्ड घेऊन सिल्लोडला पळाला होता, आणि तिथं त्यानं डीजे सुरू केला होता. बँडवाल्याच्या घरात डीजे! बन्सीनं नवा टेम्पो उभा केला, म्हाताऱ्या आईचं सगळं केलं, आणि आई अजून विचारायची, ऋतुराज जेवला असंल का. हे सांगताना त्याच्या मिशा थरथरत होत्या.

तो रोज भांडायला यायला लागला. सारजाबाई त्याला चहा द्यायची आणि शास्त्र, म्हणजे बायबल, काढून पुढं ठेवायची. भांडायचं तर आधी वाचायला पाहिजे, म्हणून तो वाचायचा. बाकीच्या गोष्टीही वाचून झाल्या, त्यावरूनही भांडणं झाली. कधी अफजल सोबत यायचा. तो म्हणायचा, "भाऊभाऊंचे किस्से आमच्यातबी हायत, मावशी," आणि मग तोही एक सांगायचा.

एके दिवशी सारजाबाई म्हणाली, "बन्सी, तू नीट वाचलं नायस. बाप मोठ्यासाठीबी बाहेर आलाय. भरली पंगत सोडून आलाय आणि त्याला आत चल म्हणतोय."

बन्सीनं पुन्हा वाचलं. ओठ हलवत, बोट ठेवून. चहा गार झाला.

"मग गेला का मोठा आत?"

"ते लिहिलं नाय."

"असं कसं लिहिलं नाय?" त्यानं पान उलटून पाहिलं, मागचंही पाहिलं. मग तो मान खाली घालून रडायला लागला. सारजाबाईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोघं भांडले नाहीत.

पडेगावच्या पुढं एका शेततळ्यात बन्सीचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मेहुण्यांनी बोलणं टाकलं, काही लग्नांची कामंही गेली. तरी तो आला. पाळक अतुल काडीसारखे, बन्सी टेम्पोसारखा. पाळकांनी त्याला पाण्यात घेतलं आणि बन्सीनं त्यांना. दोघंही दिसेनासे झाले. बन्सी वर आला की वाजवायचं, असं अफजलला सांगितलं होतं. आधी नुसते पाळकच वर आले. अफजलनं वाजवलं, चूक कळून थांबला, बन्सी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

मंडळानं ठराव करून सारजाबाईला चौकातून हलवलं. ती आपल्या खोलीपुढच्या बोळात बसायला लागली. "मी अजून तुमच्या विरोधातच आहे," श्रीनिवासराव तिला आपल्या न्हाणीघराच्या दारातून सांगत. "व्हय साहेब," ती म्हणे, "जरा टॉवेल द्या."

बन्सी सिल्लोडला गेला. डीजेच्या दुकानातल्या पोरांना वाटलं, हा मारायलाच आलाय. त्यांनी शटर खाली ओढलं. बन्सीनं शटरच्या बाहेर उभं राहून, भर बाजारात, अख्खी गोष्ट सांगितली. लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी 'चालता हो' म्हणालं. तो सांगत राहिला. शेवटी शटर हातभर वर झालं आणि आतून ऋतुराजचा आवाज आला, "म्हणजे डुकरातला तो मी का?"

"व्हय," बन्सी म्हणाला, "आणि बाहेर रुसलेला मी."

शटर थोडं आणखी वर झालं. त्या दिवशी दोघं भाऊ एका ताटात जेवले, आणि जेवता जेवता टेम्पोवरून पुन्हा भांडलेही.

रविवारी येतो, असं ऋतुराज म्हणाला आणि आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी बोळाच्या टोकाला एक माणूस येऊन बसला. कुणी ओळखू नये म्हणून त्यानं हेल्मेट काढलंच नव्हतं. बन्सी उठायला लागला, तर सारजाबाईनं त्याला डोळ्यांनी खाली बसवलं. ती त्या माणसाकडं न बघता बोलत राहिली. फक्त हेल्मेटच्या आत ऐकू जावं म्हणून तिनं आवाज जरा चढवला.