सात नंबरचं शून्य

मी एक जुनी फळी आहे. परीक्षेला तुम्ही चिमट्याचा पॅड नेता ना, साधारण तशीच. पण मित्रांनो, त्या पॅडची आणि माझी बरोबरी करू नका हं! तो बिचारा तीन तास बाकावर गुमान पडून असतो. मी एकतीस वर्षं धूळ खाल्ली आहे, आणि तीही कपाटातली नव्हे, तर बिनब्रेकच्या मोटारसायकलींनी उडवलेली, तांबडी, डोळ्यांत जाणारी धूळ.

बिनब्रेकच्या म्हटलं ते चुकून नाही. आमच्या थॉर्नबेकच्या मैदानावर गाड्यांना ब्रेक नसतातच. दोन्ही संघांचे दोन-दोन असे चार जण, चार फेऱ्या, वळायचं फक्त डावीकडे. मिनिटभरात सगळा खेळ आटोपतो. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. अशा पंधरा शर्यती झाल्या की एक सामना संपतो. एवढं कळलं की झालं, बाकीचं माणसं भांडून समजावतात.

माझा जन्म त्या मैदानाच्या कुंपणात झाला. तिसऱ्या वळणावर मी उभी होते. वळण चुकलेला प्रत्येक जण येऊन माझ्यावर आदळायचा. सहा वर्षं मी हाडं मोडून घेतली आणि त्यांची वाचवली. एकदा मात्र असा दणका बसला की माझे दोन तुकडे झाले. कुंपण दुरुस्त करायला गावातलेच लोक फुकट यायचे. त्यांत डेरेक ऑर्मरॉड नावाचा सुतार होता. त्याने माझा बरा तुकडा घरी नेला, घासून गुळगुळीत केला, वर चिमटा बसवला, सुतळीने पेन बांधलं आणि मला आपल्या बायकोच्या हातात ठेवलं.

"घे ग्लेनिस, आता मांडीवर लिहायला नको. पण एक सांगतो. चाक रेषेपार गेल्याशिवाय पेन टेकवायचं नाही."

"मला शिकवतोस होय रे?" ग्लेनिस म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना जेवू घालणारी बाई. तिला कोण काय शिकवणार!

पण तिने तो नियम पाळला. दर रविवारी माझ्या चिमट्यात शर्यतींचा तक्ता लागायचा आणि प्रत्येक चौकटीत ती गुण लिहायची, तेही शाईने. खाडाखोड कधीच नाही. शेजारचे लोक आपला तक्ता तिच्याशी ताडून बघायचे. "ग्लेनिसच्या फळीवर काय आहे?" असं कुणी विचारलं की माझी छाती कशी फुगायची म्हणून सांगू!

तेव्हा आमचा 'थॉर्नबेक हॉर्नेट्स' संघ वरच्या गटात होता. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. काळे-पिवळे मफलर घातलेली चार हजार माणसं एका सुरात गुणगुणायची, तेव्हा मी चिमट्यासकट थरथरायचे.

मग संघ खालच्या गटात आला. चांगले स्वार पांगले. उरली शिकाऊ पोरं, आणि मोजता येतील एवढे प्रेक्षक. डेरेकने तर यायचंच सोडलं. "पोरासोरांच्या सायकली बघायला मी येणार नाही," असं म्हणून तो चार वर्षं रविवारी दुपारी घरी टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत बसला. ग्लेनिस येत राहिली. पण पूर्वी ती मला उराशी धरायची, आता काखेत मारायला लागली. एकदा तर तिने माझ्यावर चिप्सची पुडी ठेवली. चिप्सवर शिंपडलेल्या व्हिनेगरचा डाग अजून गेलेला नाही.

खरं सांगू? मला सगळ्यांत जास्त आवडायची ती माणसांची बडबड. दोन शर्यतींच्या मध्ये ट्रॅक्टर धावपट्टी सारखी करायला निघाला की कठड्यापाशी मतांचा बाजार भरायचा.

"हा ट्रॅक्टर चालवतोय की नांगरतोय? माझा चहा थंड झाला."

"काल जो शत्रू म्हणून आला होता, तोच आज आमच्याकडून धावतोय. टाळ्या वाजवू की शिव्या देऊ?"

"पूर्वीचे लोक होते बाबा. पाय मोडला तरी धावायचे."

"म्हणून तर आज एकही धड चालत नाही!"

हे शेवटचं मॉरिसचं. मॉरिस म्हणजे निवृत्त पोस्टमन, गेली वीस वर्षं ग्लेनिसच्या डाव्या हाताला उभा. दर रविवारी तो म्हणतो, "पुढच्या वेळी काही मी येत नाही." आणि दर रविवारी तिच्या आधी हजर असतो.

आता त्या रविवारचं सांगते. ऑगस्ट महिना, भर दुपार, आणि ग्लेनिसचा एक पाय सारखा हलत होता. पेनाचं टोपण ती माझ्यावर आपटत होती, टक, टक, टक. मलाही चैन पडेना. कारण मला ठाऊक होतं की तक्त्याच्या मागे एक घडी केलेला कागद आहे.

त्याचं असं झालं होतं की मैदानाच्या मालकाने स्पष्ट विचारलं होतं, "पुढच्या वर्षी चालू ठेवू की बंद करू? सामना संपला की तुम्हीच सांगा." ग्लेनिस प्रेक्षक मंडळाची अध्यक्ष होती. ती म्हणेल ते बाकीचे ऐकणार होते. आणि आदल्या संध्याकाळी तिने आणि डेरेकने मिळून त्या कागदावर लिहिलं होतं, की असं कुढत जगण्यापेक्षा मानाने बंद केलेलं बरं. मित्रांनो, माझ्याच पाठीवर ठेवून लिहिलं होतं! मी ज्या मातीत जन्मले ती पुसायचा कागद मीच पोटाशी धरून होते.

सामनाही बेताचाच चालला होता. पाहुणे होते स्केलबीचे. तेरा शर्यतींनंतर त्यांचे पन्नास, आमचे अठ्ठावीस. आता जिंकण्याची आशा उरलीच नव्हती.

"बाईसाहेब, त्यांचं अर्धशतक झालं," मॉरिस म्हणाला. "बॅट उंचवायला सांगू का?"

"गप रे."

"चौदाव्यात आपली सात नंबरची आहे. आधीच लिहून टाक शून्य, शाई वाळायला वेळ मिळेल."

सात नंबर म्हणजे टॅम्सिन येलंड, सतरा वर्षांची. आठवडाभर टायरच्या दुकानात काम करायची आणि रविवारी वडिलांच्या व्हॅनमध्ये गाडी घालून आणायची. पूर्ण हंगामात तिचे गुण होते दोन. लोक तिला 'अंडी घालणारी कोंबडी' म्हणायचे. मला ते मुळीच आवडत नव्हतं, पण फळीला कोण विचारतो?

चौघं सुरुवातीच्या रेषेवर आले. तेवढ्यात ग्लेनिसने पेन टेकवलं. गाड्या सुटल्याही नव्हत्या आणि टॅम्सिनच्या चौकटीत तिने गरगरीत शून्य काढलं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला ते शून्य चटका बसल्यासारखं झोंबलं. तिला फक्त संपवायचं होतं, हो, सामनाही आणि सगळंच.

समोरची फीत वर उडाली. पहिल्याच वळणावर स्केलबीच्या एका स्वाराची गाडी बंद पडली. तो गवतावर जाऊन बसला. उरले तिघे. टॅम्सिन तिसरी, म्हणजे खूपच मागे, पण तिसरी! तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीत तिसऱ्या वळणावर, माझ्या जुन्या जागेसमोर, खाड् असा आवाज झाला. तिची साखळी तुटली होती.

पुढचे दोघे रेषा ओलांडून गेले. लोकांनी तक्त्यांकडे माना वळवल्या. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन सुरू केलं.

आणि टॅम्सिन गाडीवरून उतरली आणि ढकलायला लागली.

नियमच आहे तसा. ठरलेल्या वेळात गाडी स्वतः ढकलत रेषेपार नेली तर तिसऱ्याचा एक गुण मिळतो. पण त्या गाडीचं वजन तिच्या दीडपट! अंगावर कातडी पोशाख, डाव्या बुटाखाली वळणावर टेकायचा लोखंडी तळ, वर डोकं फुटेल असं ऊन, आणि पायाखाली सैल तांबडी खडी.

"काय करतेय ही?" मॉरिस म्हणाला. "अगं, आपण बावीस गुणांनी मागे आहोत!"

ग्लेनिसचा पाय हलायचा थांबला होता.

टॅम्सिन दहा पावलं चालली. थांबली. पुन्हा चालली. शेवटच्या वळणावर तिचा लोखंडी तळ घसरला, ती गुडघ्यावर आली, पण गाडी तिने पडू दिली नाही. तेव्हा सगळ्यांत आधी कोण ओरडलं असेल? आमच्यातलं कुणी नाही! आमच्या उजव्या हाताला लाल मफलरवाली स्केलबीची पॉलीन उभी होती. तिने चिप्स खाली टाकले आणि बोंब ठोकली, "ऊठ गं पोरी! ढकल!"

मग काय विचारता! काळे-पिवळे, लाल, सगळे कठडा बडवायला लागले. मॉरिस तर, "अगं, कंबर खाली घाल, कंबर! पत्रांची हातगाडी अशीच ढकलतात!" असं ओरडत होता. पंचांनी घड्याळ वर धरलं होतं. शेवटचं पाऊल तिने टाकलं की गाडीनेच तिला ओढलं कोण जाणे, पण चाक रेषेपार गेलं.

ग्लेनिसने सवयीने पेन उचललं. ते हवेतच राहिलं, कारण चौकट आधीच भरलेली होती.

"खोड की," मॉरिस हळूच म्हणाला.

"मी कधी खोडलेलं नाही."

"कधी आधी लिहिलेलंही नव्हतंस."

पंधरावी शर्यत झाली. शेवटी स्वार कठड्याकडेने लोकांना हात मिळवत आले. टॅम्सिन थेट ग्लेनिसपाशी आली. केसांत खडी, ओठ सुकलेले.

"मिसेस ऑर्मरॉड, तुमच्या तक्त्याचा एक फोटो काढू? बाबा व्हॅनपाशी होते, त्यांना दिसलंच नाही. तुमच्या फळीवर आहे म्हटलं की ते खरं मानतील."

मला लपायला जागा नव्हती. तिने पाहिलं.

"शून्य?" ती म्हणाली. "पण मी तर..."

"चूक माझी आहे, पोरी. गाडी सुटायच्या आधीच मी लिहून बसले."

टॅम्सिन हसली. "असू दे हो. मीही तेच लिहिलं असतं."

मित्रांनो, ती चिडली असती तर बरं झालं असतं. ग्लेनिसचा चेहरा असा उतरला की मलाच बघवेना. तिने पेन पुढे केलं. "माझ्याने होत नाही. तूच खोड."

टॅम्सिनने खोडलं. गाडी ढकलल्याचा जोर अजून हातात होता, त्यामुळे असं दाबून खोडलं की कागद फाटला आणि पेन माझ्यात रुतलं. मग शेजारी तिने एकचा आकडा काढला, भलामोठा, चौकटीबाहेर जाणारा.

तोवर मालक माइक घेऊन आला होता. ग्लेनिस मला घेऊन उभी राहिली. घडीचा कागद तिने उघडला, पाहिला आणि पुन्हा घडी घालून खिशात टाकला.

"मी भाषण लिहून आणलं होतं," ती म्हणाली. "ते घाईत लिहिलं होतं. आता फक्त विचारते. पुढच्या वर्षी कोण कोण येणार? मला बरं वाटावं म्हणून हात वर करू नका. पावसात, थंडीत, हरत असतानाही जो येणार असेल त्यानेच करा."

हात वर झाले. ती मोजू लागली, माझ्यावर पाच-पाचच्या रेघा ओढत. एकशे सत्त्याऐंशी. मॉरिसने दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक तिने खाली घ्यायला लावला. त्याचा राग त्याने लगेच काढला.

"हे चालणार नाही! यात स्केलबीचे एकतीस जण आहेत. पाहुण्यांची मतं धरायची नसतात!"

"का रे पोस्टमनदादा?" पॉलीन गरजली. "तुम्ही बंद केलंत तर आम्ही हरवायचं कुणाला?"

सगळं मैदान हसलं. ग्लेनिस हसली नाही. ती मालकाकडे वळली.

"एकशे सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "पाहुणे धरून. समोर कुणी नसेल तर शर्यत कसली?"

मालकाने कठड्यावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "एक वर्ष. एकच वर्ष बघू."

ते वर्ष आता सुरू आहे. हॉर्नेट्स अजूनही हरतात. डेरेक परवा फाटकापर्यंत आला आणि ट्रॅक्टरला नावं ठेवून परत गेला. ग्लेनिस म्हणते, सुधारतोय. माझ्या अंगावर मात्र एक खोल रेघ उमटली आहे. तक्ता लावला की कागद तिथे किंचित खचतो आणि लिहिताना पेन अडखळतं. डेरेक घासून काढू म्हणाला होता. ग्लेनिसने मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे. जे लहान आहे, मागे पडलं आहे, ज्याला कुणी फारसं विचारत नाही, ते संपलं असं ठरवण्याआधी कठड्यापाशी थोडं थांबा. कोण अजून ढकलतंय ते बघा, आणि गळा आहे तोवर ओरडा. तुमचा संघ कुठला हे नंतर सांगितलंत तरी चालेल.