कोणीही उतरवून घ्यावे

ढवळे गुरुजींनी शाळेच्या कपाटातून छापील पानांचा गठ्ठा काढला, फुंकर मारून त्यावरची धूळ उडवली आणि टेबलावर ठेवला. लिडियाबाई सुतळीची गाठ सोडायला लागल्या. गाठ त्यांचीच होती. दुहेरी वेढा घालून टोक आत खुपसायचं, ही बोर्डिंगात असतानाची सवय. अख्ख्या जामखेड तालुक्यात दुसरं कुणी अशी गाठ मारत नसावं. जानेवारीत शिक्षकांच्या बैठकीत मारलेली ती गाठ मार्च संपत आला तरी जशीच्या तशी होती. म्हणजे गठ्ठा कुणी उघडलाच नव्हता.

“एकदम जपून ठेवलंय, बाई,” ढवळे गुरुजी म्हणाले. “तपासणीला साहेब आले की पहिलं हेच काढून दाखवतो.”

बाईंनी गठ्ठ्यातली चौदा नंबरची पानं मोजली. तीसच्या तीस होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. ती पानं त्यांनी पिशवीत घातली, त्यांच्या जागी नवी तीस ठेवली आणि गुरुजींनी मागवलेला चहा न पिताच त्या पुढच्या शाळेच्या वाटेला लागल्या.

लिडिया उजागरे बाईंनी हे यंत्राचं खूळ अंगावर घेतलं त्याला सहा वर्षं झाली होती. नगरच्या एका कचेरीनं हातानं पानं छापायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र मोडीत काढलं, ते बाईंनी मागून आणलं, एस.टी.च्या टपावर टाकून गावी नेलं आणि स्वयंपाकघरात चुलीपासून चार हातांवर मांडलं. झेडपीच्या शाळांत तेव्हा होतं काय? एक पुस्तक, एक फळा, आणि कुलपात ठेवलेली विज्ञानाची पेटी. मग बाई रोज आपली शाळा सुटल्यावर मेणकागदाचं स्टेन्सिल कोरायच्या. गणिताची कोडी, पक्ष्यांची चित्रं, गावचा नकाशा कसा काढावा, गोष्टी, आरोग्याच्या सूचना. महिन्याला दोनेक पानं व्हायची, दर जूनला नंबर पुन्हा एकपासून. ती केंद्रातल्या अकरा शाळांना फुकट. प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: ‘हे पान कोणीही उतरवून घ्यावे, वाटावे. परवानगी नको.’

बैठकीत सगळे म्हणायचे, छान बाई, लई कष्ट घेता. आणि बाईंना ते खरं वाटायचं. वाटणारच की! अकरा शाळा, प्रत्येकी वीसतीस पोरं. आपण इथं भाकरी थापतोय तेव्हा तीनशे पोरं आपली पानं वाचतायत, असा हिशेब त्या मनातल्या मनात मांडायच्या आणि एकट्याच हसायच्या.

परवा संध्याकाळी शेजारच्या छबूबाईच्या नातवाला जुलाब लागले. बाई म्हणाल्या, थांबा, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. चौदा नंबरचं पान घेऊन त्या तिच्या दारात उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. त्यात मीठ सहा चमचे. साखर अर्धा चमचा.

“सहा चमचे मीठ व्हय, बाई?” छबूबाईनं विचारलं. तिला अक्षरओळख नव्हती. “लेकरू हाय का लोनचं हाय?”

बाईंनी पान उजेडाकडं धरलं. पान पुन्हा वाचलं, तरी तेच. अर्ध्याच्या जागी सहा आणि सहाच्या जागी अर्धा. स्टेन्सिलवर शाई नसते. कोरताना अक्षर धड दिसत नाही, चुकलं तरी छापून होईपर्यंत कळत नाही. पण ही सबब पोर मेलेल्या आईला कशी सांगायची? जानेवारीत पान गेलं होतं आणि आता उन्हाळा तोंडावर आला होता. याच दिवसांत विहिरी तळाला जातात, गढूळ पाणी पोटात जातं आणि वाड्यावस्त्यांवर जुलाबाची साथ येते. कुठल्या तरी घरात कुणी तरी शहाणं पोर उठणार आणि बाईंचं पान वाचून आपल्या भावंडाला मिठाचं पाणी पाजणार.

त्यांनी नवं स्टेन्सिल कोरलं, ते तीनदा तपासलं, तीन दिवसांची रजा टाकली आणि अकरा शाळांच्या वाटेला लागल्या.

पहिल्या दिवशी चार शाळा झाल्या. ढवळे गुरुजींकडे गाठ सुटली नव्हती. दुसरीकडे गठ्ठा तांदळाच्या पोत्याखाली ओल लागू नये म्हणून घातलेला. तिसरीकडे पानांच्या कोऱ्या पाठीवर मतदारांची नावं उतरवलेली. सरकारी काम, कागद मिळत नव्हता, असं तिथले गुरुजी अगदी सरळ मनानं म्हणाले. चौथ्या शाळेत पोरांच्या वह्यांना कव्हरं घातलेली, अक्षरं आतल्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी बाई विचारायच्या, चौदावं पान पोरांना शिकवलं का हो? आणि प्रत्येक ठिकाणी तेच उत्तर, अजून नाही, बाई. सुटल्यासारखं वाटायचं त्यांना.

दुसऱ्या दिवशी मात्र हे सुटल्यासारखं वाटणं त्यांना सोसेना. सातव्या शाळेतून बाहेर पडल्यावर त्या बांधावरच्या बाभळीखाली बसल्या आणि त्यांच्या मनात आलं, निदान एकानं तरी वाचलेलं असू दे. आपण काय मागतोय हे लक्षात आलं तशी त्यांना स्वतःचीच किळस आली. देवा, क्षमा कर, असं त्या पुटपुटल्या, पदरानं तोंड पुसलं आणि उठल्या. पण इच्छा काही मनातून गेली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या शेवटच्या शाळेत पोचल्या. खडकवस्तीची एकशिक्षकी शाळा. मास्तर प्रवीण साळवे, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. बाई दारातच थबकल्या. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधली होती आणि सुतळीवर त्यांची पानं टांगलेली होती. एक, दोन, तीन, ओळीनं. पानांचे कोपरे हाताळून मळले होते, तेलकट झाले होते. पक्ष्यांच्या पानावर कुणीतरी होल्याच्या चित्राला डोळा काढला होता, जो बाईंच्या हातून राहिला होता.

तीन दिवसांत प्रथमच त्यांना चहा प्यावासा वाटला.

मग त्यांनी पानं मोजली. तेरानंतर एकदम पंधरा होतं.

“चौदावं पोरांना घरी दिलं, बाई,” प्रवीण उत्साहानं म्हणाला. “म्हटलं, आईला वाचून दाखवा आणि भिंतीला चिकटवा. एवढं कामाचं पान शाळेत ठेवून काय करायचं?”

बाईंनी त्याला चूक सांगितली. आपण वाचलं होतं, असं तो म्हणाला. पण बाईंचं पान आहे म्हटल्यावर तपासायचं त्याला सुचलंच नव्हतं. त्यानं लगेच पोरांना घरी पिटाळलं. अर्ध्या तासात पानं परत आली, कुणाचं फाटलेलं, कुणाच्या पानाला भिंतीचा पोपडा लागलेला. पाणी कुणीच केलेलं नव्हतं. एकोणीसपैकी अठरा पानं जमली. एकोणिसावं भागिरथीचं होतं, आणि भागिरथी तीन आठवडे झाले शाळेत येत नव्हती.

“तिनं केल्तं की ते पानी,” एक पोर म्हणालं. “तिच्या भावाला.”

प्रवीणला शाळा सोडून जाता येत नव्हतं. बाई एकट्याच निघाल्या. ओढ्यापलीकडचं पत्र्याचं घर, असं पोरांनी दाखवलं होतं. ओढा कोरडा होता, तरी बाईंना तो ओलांडायला फार वेळ लागला.

अंगणात एक दहाएक वर्षांची मुलगी शेण्या थापत होती. तिच्यामागं बाजेला बांधलेल्या झोळीत काहीतरी हललं, आणि मग एक काळंसावळं पाऊल झोळीबाहेर आलं. बाई तशाच अंगणात खाली बसल्या.

मुलीनं हात धुतले, पाणी आणून दिलं. बाईंनी त्या पाण्याची गोष्ट विचारली, तशी ती मान खाली घालून सांगायला लागली. तिला वाटलं, बाई रागवायला आल्यात. आई खुरपायला गेली होती आणि बाळाला संडास लागली होती. तिनं पान वाचलं, बोट ठेवून वाचलं, आणि चमचे मोजून पाणी केलं. बाळाला पाजणार तेवढ्यात आई आली. आईनं बोट बुडवून चाखलं आणि थुंकलं. मग लई मारलं. दुसऱ्या दिवशी बाळाला जामखेडला नेलं.

“आई म्हन्ली, चार सालं साळंत घातली आन् पोरीला मीठ का साखर ते वाचता येईना. मग कशाला जायाचं?”

“भागिरथी, इकडं बघ,” बाई म्हणाल्या. “तू बरोबर वाचलंस. चूक माझी आहे. लिहितानाच मी उलटं लिहिलं.”

मुलीनं हळूच मान हलवली.

“न्हाई, बाई. मलाच उलटं दिसतं. आधी न्हवतं दिसत. आता समदंच उलटं वाटाय लागलंय.”

तेवढ्यात तिची आई, रतनबाई, डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली. बाईंनी उभं राहून तिलाही सगळं सांगितलं. पोरीची काही चूक नाही, पोरगी हुशार आहे, चार गावांत एवढं मन लावून कुणी वाचलं नाही, तिला शाळेत पाठवा. रतनबाईनं भारा उतरवला आणि शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट तिला बाईंची कीवच आल्यासारखं दिसलं.

“तुमी लई मायाळू हायसा, बाई,” ती म्हणाली. “पोरीची चूक आंगावर घ्याय एवढ्या उन्हाची आलात. पर छापल्यालं कसं चुकंल? मला काय एवढं बी कळत न्हाई व्हय?”

“छापणारी मीच आहे, रतनबाई.”

“तेच म्हन्ते मी. तुमी कशा चुकाल?”

बाईंनी ते पान मागितलं. त्यांना ते पुढ्यात ठेवून दाखवायचं होतं, हे बघा, इथं सहा लिहिलंय. पण पान उरलं नव्हतं. रतनबाईनं ते त्याच दिवशी चुलीत घातलं होतं. आधीच्या शाळांतली जुनी पानं पिशवीत होती, पण रतनबाईला वाचता येत नव्हतं. तिच्यापुढं ती ठेवून काय उपयोग? बाईंनी पिशवीतून नवं पान काढलं आणि भागिरथीच्या हातात दिलं.

“वाच,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं वाच. आईला ऐकू दे.”

मुलीनं पान दोन्ही हातांत धरलं. ओळीखाली बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बोट तिसऱ्या ओळीपाशी येऊन अडलं. तिनं आईकडं एकदा पाहिलं आणि पान बाईंच्या हातात परत दिलं.

“तुमीच वाचा, बाई.”

बाईंनी तिला पुन्हा सांगून पाहिलं, पाठीवर हात ठेवून पाहिला. ती जागची हलली नाही. शेवटी बाईंनीच वाचलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी. त्यात मीठ अर्धा चमचा. साखर सहा चमचे.

रतनबाईनं समाधानानं मान डोलावली आणि लेकीकडं वळली.

“आईकलं का, भागे? बाईंनी कसं बरूबर वाचलं.”