सूचना सर्व वर्गांत फिरवावी

अकरा ते चार कोणीही मैदानात जाऊ नये. दर तासाला पाणी प्यावे. चक्कर आल्यास ताबडतोब सांगावे.

सूचना मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, स्वतः लिहिली. लिहिण्यात त्यांचा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नेहमीप्रमाणे सूचनांची वही शिपाई मावशींकडे दिली. चौदा वर्ग मैदानाच्या तीन बाजूंना, मधे उघडंबोडकं ऊन. वर्गावर वही न्यायची, शिक्षिकेने वाचून सही करायची.

पहिली फेरी, सव्वाअकरा. चौदा सह्या.

दुसरी फेरी, बारा. टोपीचं लिहायचं राहिलं होतं. पुन्हा चौदा.

तिसरी फेरी, पाऊण. सहीपुढे कोणीच वेळ घातली नव्हती, आणि मोठ्या बाईंना अर्धवट काम खपत नसे. मावशींनी विचारलं, "बाई, जरा टेकू का?"

आधी हे उरका, बाई म्हणाल्या.

तेरा जणींनी वेळ घातली. चौदावा रकाना कोराच.

मावशी मैदानाच्या मधोमध पडल्या होत्या. अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही, बोलणं असंबद्ध. पाचवीच्या मुलींनी खिडकीतून पाहिलं, पण एकीनेही उंबरठा ओलांडला नाही. सूचना होती. शेवटी त्यांच्या शिक्षिका धावल्या.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या, पण आजची रात्र काढायला हवी. भर उन्हात गेल्या कशाला?

"मीच गेले," मावशी ग्लानीत पुटपुटल्या. "वेंधळीच मी."

बाईंनी ते तसंच राहू दिलं.

तेवढ्यात मावशींची लेक आली. ती आईलाच रागावू लागली, इतकी वर्षं शाळेत काढलीस, एवढी अक्कल कशी नाही आली तुला? मग बाईंकडे वळून तिने हात जोडले. तुम्ही होतात म्हणून निभावलं, म्हणाली.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांना बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "मी पाठवलं. तीनदा. तिसऱ्यांदा त्यांनी बसू का विचारलं, तेव्हा मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही."

लेकीने आईच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी उलटून ठेवली. पुन्हा एकदा नीट केली.

"तुम्ही बाहेर थांबा," ती म्हणाली.

बाई उठल्या. दारापर्यंत चारच पावलं होती. मागून कोणी थांबवलं नाही.