पाहुणा डॉक्टर

१९३६च्या हिवाळ्यात डॉक्टर चुडामण पाटील साक्रीजवळच्या एका गावात घरोघर फिरत होते. मूळचे चोपड्याचे, पण शिकले विलायतेत. तिथल्या आणि इथल्या घरांत किती मुलं जगतात, किती जातात, हे त्यांना ताडून पाहायचं होतं.

एका घरी मंजुळाबाई दारातच आडवी उभी राहिली.

"घरमा कोनी आजारी नही शे. कसाले उना तू, भाऊ?"

"नुसतं विचारायला आलो, अक्का."

तिला ते खोटंच वाटलं. प्लेगच्या साली असेच विचारणारे आले होते. तिच्या नवऱ्याला गावाबाहेरच्या झोपड्यांत घेऊन गेले, तो परत आलाच नाही. म्हणून पोटुशी सून कुंदा तिने आत कणगीमागे बसवली होती.

पण पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून कुंदा तांब्या घेऊन बाहेर आली. सासूने डोळे वटारले. डॉक्टरांनी कुंदाची पावलं पाहिली. जोडवी बोटांत रुतली होती. चेहराही सुजलेला.

"डोकं दुखतं का गं?"

कुंदाने सासूकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"अक्का, ही सूज जिवावर बेतेल. हिला धुळ्याला दवाखान्यात न्यायला हवं. आजच."

"बठ्ठा असंच म्हनतस!" मंजुळाबाई कडाडली. नवऱ्याला नेणारे सगळे असंच म्हणाले होते. मग आवाज उतरवून विचारलं, "तुन्हा विलायतमा डाक्टर असाच दारोदार हिंडस का?"

"हिंडतो. पण तो त्याच गावात राहतो. घरातली सगळी त्याला ओळखतात, आजारी नसली तरी."

"मंग तू आठे, आमना गावमा, राहशी का?"

शनिवारी डॉक्टरांना पुण्याला जायचं होतं.

"नाही."

"मंग तू पाव्हना. पाव्हनाना हातमा सून देऊ?"

डॉक्टर ओट्यावर बसले. "तुम्ही सोबत चला. तिचा हात सोडू नका," एवढंच म्हणाले.

संध्याकाळ व्हायच्या आत बैलगाडी निघाली. मंजुळाबाई डॉक्टरांकडे तोंड करून बसली, वाटभर तिने नजर हटवली नाही. दवाखान्यात नर्सने बाहेर जायला सांगितलं, तर ती उंबऱ्यावरच ठाण मांडून बसली. कुंदाला मुलगी झाली, मुठीएवढी. दोघी वाचल्या.

डॉक्टर शनिवारी गेले नाहीत, पण पुढच्या आठवड्यात गेले. मंजुळाबाईने त्यांना भाकरी बांधून दिली आणि थांबा म्हणाली नाही.

पावसाळ्यानंतर साक्रीच्या, डॉक्टरविना पडून असलेल्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला. बाजारच्या दिवशी मंजुळाबाई नातीला कडेवर घेऊन गेली. आत न जाता समोरच्या झाडाखाली बसून तिने बराच वेळ त्याला न्याहाळलं. मग कंपाउंडर लोटनला हाक मारली.

"हाऊ डाक्टरनी बायको संगे उनी का?"

"उनी ना, अक्का. म्हैस बी इकत लिधी त्याने."

मंजुळाबाई उठली. नातीचं नाक पदराने पुसलं आणि दवाखान्याची पायरी चढली.