न ताणलेली बशी

आमच्या प्रयोगशाळेत सगळे मला मावशी म्हणतात आणि बऱ्यापैकी घाबरतात. घाबरावंच. अठ्ठावीस वर्षं पेशींना खाऊपिऊ घालतेय, एक बशी सांडली असेल तर शपथ.

पीएचडी करणाऱ्या पोरीला मी 'वादळ' म्हणते. चालणं म्हणून नाहीच, नुसतं धावणं. तिचा प्रयोग मात्र नाजूक. बशीच्या तळाला रबराचा पातळ पापुद्रा, त्यावर पेशी वाढवायच्या आणि पापुद्रा ताणायचा. ताण बसला की पेशीच्या आवरणातली इवलीशी दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि आधीच भरून ठेवलेला रंग हिरवा चमकतो. म्हणजे बाहेर ओढाताण झाल्याचा निरोप आत पोचला. जोडीला तुलनेसाठी एक बशी न ताणता ठेवायची. ती काळीच राहिली पाहिजे.

तीच मेली तीन आठवडे चमकत होती. तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं, "शुक्रवारी चारपर्यंत दोन बश्यांत फरक दिसला नाही, तर हा विषय बंद." पोरीची दोन वर्षं पाण्यात.

"तुझाच धसमुसळेपणा," मी तिला रोज ऐकवत होते. "टेबलाला धक्के काय देतेस, बश्या काय आपटतेस!" बिचारी मान खाली घालून ऐकून घ्यायची.

ताणायची बशी ती सांभाळायची, न ताणायची माझ्याकडे. बघण्याआधी त्यातला पेशींना पोसणारा जुना द्रव काढून पिपेटच्या नळीने ताजा घालायचा, एवढंच माझं काम. शुक्रवारी तीन वाजता सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा चुकून आधीपासूनच चालू राहिला होता. स्क्रीन काळी. मी सवयीने पिपेट दाबलं, झटक्यात, आणि सगळ्या पेशी लख्ख हिरव्या झाल्या.

माझ्या द्रवाचा लोंढा पेशींवर आदळत होता आणि त्याही तोच निरोप आत धाडत होत्या. वादळ वहीत डोकं घालून बसलं होतं, तिने काही पाहिलं नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर बसलेच.

"अगं ए," मी शेवटी म्हणाले, "चोराच्या उलट्या बोंबा चालल्या होत्या माझ्या. धसमुसळा हात माझा आहे. ये, बघ."

मला वाटलं, आता तीन आठवड्यांचं उट्टं काढणार. तिने ते चित्रण दोनदा पाहिलं आणि माझ्या गळ्यातच पडली. "अहो मावशी, म्हणजे विषय जिवंत आहे!"

चारला सर आले. तिची बशी ताणल्याबरोबर चमकली. मग मी न ताणलेल्या नव्या बशीच्या कडेला पिपेट टेकवलं आणि थेंब थेंब द्रव सोडला. एक मिनिट गेलं, दोन गेली. स्क्रीन काळीकुट्ट.

"काहीच दिसत नाहीये," सर म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले. आम्हीही वाजवल्या.