सून म्हणजे लवकर

मी एक जुना शिवणकामाचा पुतळा आहे. मित्रांनो, मला डोके नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे सांगताना कुठे गोंधळ झाला तर तुम्ही सांभाळून घ्याल. बांधा बाईचा आणि नाव पुल्लिंगी, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

कागदाच्या लगद्याचे माझे अंग एका कारखान्यात साच्यातून निघाले. त्यावर जाड कापड चढवले, खाली लाकडी तिवई बसवली. छातीपाशी आणि कमरेपाशी पितळी चकत्या लावल्या. किल्लीने त्या फिरवल्या की मी हवा तितका रुंदावतो किंवा आवळतो. शिवणवाल्या मावशींनी मला त्यांच्या उमेदीच्या काळात घरी आणले. आज एका गिऱ्हाइकाचे माप, उद्या दुसऱ्याचे. स्वतःचे असे माप मला कधी मिळालेच नाही. पण लोक मावशींच्या हाताचे कौतुक करायचे, तेव्हा अंगावरच्या कपड्याबरोबर मीही मिरवून घ्यायचो.

पुढे तयार कपड्यांची दुकाने झाली आणि गिऱ्हाइके रोडावली. माझ्या खांद्यावर छत्री लटकू लागली, मानेवर भाजीची पिशवी. मी शिंप्याचा पुतळा आहे की खुंटी, हे माझे मलाच कळेनासे झाले.

मग एक दिवस मावशींच्या मुलाचे पत्र आले. तो दूर देशी नोकरीला होता. तिथेच त्याने लग्न केले होते आणि तीन महिन्यांनी बायकोला घेऊन घरी येणार होता. सुनेला आपली भाषा येत नव्हती, आणि मावशींना इंग्रजीचे अक्षरही ओळखता येत नव्हते. त्या काळी भाषांतर करून देणारे फोन नव्हते. मावशींनी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त टायपिस्टभाऊंना गाठले.

"भाऊ, मला रोज चार शब्द द्या. घरातले, रोजच्या वापरातले. आपल्या अक्षरात लिहून द्या."

भाऊ चिठ्ठीवर शब्द लिहायचे, पुढे अर्थ लिहायचे आणि मावशी ती चिठ्ठी टाचणीने माझ्या अंगावर टोचायच्या. नेक मानेवर, आर्म दंडावर. इथवर ठीक होते. पुढे मात्र घोळ वाढत गेला.

"वेट म्हणजे थांबा," भाऊ म्हणाले. "वेट म्हणजे वजनसुद्धा. आणि ओलंसुद्धा."

"एकाच शब्दाला तीन-तीन कामं?"

"स्पेलिंगं वेगळी असतात, मावशी."

"मला काय त्यांचा उपयोग? मी कानानं शिकतेय."

वेस्ट म्हणजे कंबर, हे ऐकून मी कमरेवरची चिठ्ठी अभिमानाने मिरवली. तर वेस्ट म्हणजे वायासुद्धा निघाले! मावशी हसून म्हणाल्या, "माझी कंबर वाया गेलीच आहे म्हणा." त्या हसल्या, पण मी दोन दिवस कष्टी होतो.

सगळ्यांत वाईट झाले ते एका शब्दाने.

"सून म्हणजे लवकर," भाऊंनी सांगितले.

"माझी सून? ती कुठे लवकर येतेय? अजून महिना आहे."

"अहो, इंग्रजीतलं सून!"

"मग सुनेला काय म्हणतात?"

"डॉटर-इन-लॉ. कायद्यानं लेक."

"एवढं लांबलचक कोण म्हणणार? मी आपली सूनच म्हणेन."

सून आली. हसरी होती, सासूला 'आई' म्हणायला शिकून आली होती. दोघी बोटे दाखवून, माझ्याकडे बघून बोलू लागल्या. टी, गुड, सिट, ईट. तिसऱ्या दिवशी मुलाला कामासाठी चार दिवस परगावी जावे लागले आणि घरात दोन बायका, लक्षात राहिलेले साठ-सत्तर शब्द आणि मी एवढेच उरलो.

मावशींनी ट्रंकेतून हिरवे रेशमी कापड काढले. मुलाच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी ते कित्येक वर्षे जपून ठेवले होते. सुनेचे माप घेतले, मला त्या मापाचे केले, कापड टेबलावर पसरले आणि कात्री उचलली.

"नो! वेट! वेट!" सून धावत आली आणि दोन्ही तळहात कापडावर दाबून उभी राहिली.

मावशींनी कापड चाचपले. "ओलं? कुठंय ओलं?"

सुनेने एकेक शब्द सुटा करून सांगितला. "वेस्ट. बिग. सून."

मावशींचा चेहरा उतरला. "वाया? माझं शिवणं वाया? आणि मोठी सून? नको तर नको, बाई. सरळ सांगायचं." त्यांनी कापडाची घडी घातली आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले.

मित्रांनो, मलाही काही समजेना. सून माझ्यासमोर उभी राहून रडत होती. मग तिने डोळे पुसले, माझ्या मानेला बांधलेली किल्ली घेतली आणि कमरेची चकती फिरवायला लागली. कर्र, कर्र. माझे सांधे कुरकुरले.

"अगं, मोडेल तो!" म्हणत मावशी बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. माझी छाती होती तेवढीच होती. कमरेला मात्र मी दोन बोटे वाढलो, चार बोटे वाढलो. सून थांबेना.

चाळीस वर्षे बायकांची मापे घेतलेल्या मावशींना आणखी शब्द लागले नाहीत. त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"सून?" त्यांनी हळूच विचारले.

"सून," ती म्हणाली.

त्यांनी तिला जवळ घेतले आणि दोघी कितीतरी वेळ तेवढेच म्हणत राहिल्या. कोण कोणत्या भाषेत म्हणत होती, मला आजही सांगता येणार नाही.

ही बातमी आईला दोघांनी मिळून द्यायची, असा शब्द तिने नवऱ्याला दिला होता. म्हणूनच ती सरळ सांगत नव्हती. मुलगा परत आला आणि त्याने ती सांगितली, तेव्हा मावशींनी "अगं बाई!" म्हणून असे काही आश्चर्य दाखवले की मीच क्षणभर फसलो. हिरवा झगा तोवर शिवून झाला होता. शिवणीत आत चार बोटे जादा कापड होते.

मित्रांनो, शब्द जरूर पाठ करा. रोज चार करा. पण कुणी तुमच्याशी मोडकेतोडके बोलू लागले, तर मनाला येईल तो अर्थ लावून उठून जाऊ नका. जरा थांबा, पुन्हा विचारा. विचारण्यात लाज कसली?

आता सुट्टीत मावशींची नात येते आणि आजीकडून आपले शब्द शिकते. काल तिने माझ्या खांद्यावर तिच्या लिपीतली एक चिठ्ठी टोचली आणि ती झोपायला गेली. आजीने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. तिला वाचता आली नाही, मलाही नाही.

आजी सकाळपासून खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली आहे. पोर उठली की आधी तेच विचारणार आहे.