शेंदूर लावलेला अ‍ॅम्प्लिफायर

खट्.

वॉकमनमधली कॅसेट संपली आणि बटण आपोआप वर उडालं. एवढासा तो आवाज, पण मानसीच्या हॉलमध्ये कुणी पातेलं पाडावं तसा घुमला. कारण हॉल माणसांनी खच्चून भरला होता आणि त्यांतलं एकही माणूस बोलत नव्हतं. सोफ्यावर माणसं, पलंगावर माणसं, चपलांच्या कपाटावरसुद्धा एक आजोबा अंग चोरून बसलेले. सगळ्यांचे डोळे मधल्या खुर्चीकडे. खुर्चीत मानसीच्या सासूबाई, मुक्ताबाई. डोक्यावर पदर, पदरावरून हेडफोन आणि मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"आलं?" कुणीतरी कुजबुजलं.

"आलं गं बाई," मुक्ताबाईंनी हेडफोन काढून कपाळाला लावला. "गाणाऱ्या बाई श्वास घेतात ना, तो श्वाससुद्धा आला. आधीच्या पेटीत नव्हता."

इंद्रलोक वसाहतीतल्या त्या इमारतीत 'अहाहा'ची एक लाट उठली आणि थेट दाजींच्या पायांशी जाऊन विसावली.

दाजी डोंगरीहून बसने यायचे. अंगात रेशमी झब्बा, गळ्यात रुद्राक्षांची माळ आणि माळेवर माळ घालावी तसा एक हेडफोन. समोर पाटावर दोन सारख्याच काळ्या पेट्या. एक 'कोरी', दुसरी 'सिद्ध'. सिद्ध पेटीला शेंदराचं बोट लावलेलं. वॉकमनची वायर पेटीत, पेटीतून हेडफोन कानात. झालं, देव हजर.

"अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे काय?" दाजी विचारायचे आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगायचे, "दुकानदार म्हणतो, आवाज मोठा करायचं यंत्र. अहो, आवाज मोठा करणं हे हमालाचं काम! आवाज शुद्ध करणं हे साधकाचं. तुमच्या घरात वीज येते ती कुठून येते? हजार घरांचे मिक्सर फिरवून, हजार गिझर तापवून येते. उष्टी वीज! उष्ट्या विजेवर देवाचं गाणं कसं लागेल, माउली? ही पेटी ती वीज सोवळी करते."

"आणि ऑफिसला जाणाऱ्यांचं काय, महाराज?" सोसायटीचे सेक्रेटरी हरिश्चंद्रकाका अदबीने विचारायचे. हा प्रश्न ते रोज विचारायचे.

"त्यांच्यासाठी ही खिशातली पेटी. सेलवर चालते. सेलची वीज कुणी वापरलेली नसते. कुमारिका!"

नियम दोनच. आधी कोरी ऐकायची, मग सिद्ध. उलट करणं म्हणजे नैवेद्य चाखून मग देवाला दाखवणं. आणि दुसरा नियम दाजी अगदी मऊ आवाजात सांगायचे, "ज्याला फरक कळत नाही, त्याचे कान कर्माने मळलेत."

एवढं ऐकल्यावर फरक न कळण्याची हिंमत कुणाची होती? हरिश्चंद्रकाका म्हणाले, "ब्लॅक अँड व्हाइट आणि कलर टीव्ही, एवढा फरक!" शेजारच्या जयाबेन म्हणाल्या, "भाभी, एकदम मंदिर में बैठे हैं ऐसा लगा." दाजी मध्येच वॉकमन उचलून दाखवायचे, "बघा हां, व्हॉल्यूमच्या चाकाला मी बोट लावत नाही. दोन्हीला तेच." आणि ते खरंच लावत नव्हते.

मानसीची खरी पंचाईत निराळीच होती. फरक तिलाही ऐकू आला होता. न घाबरता, न लाजता, अगदी स्वच्छ ऐकू आला होता. सिद्ध पेटीत गाणं भरदार वाटत होतं, टाळ चमकत होते. दाजींना हसून सोडून द्यावं तर स्वतःचेच कान साक्ष द्यायला उभे.

आणि सोडून देण्यासारखं ते राहिलंही नव्हतं. कारण आता गोष्ट रुचिताच्या कानांपर्यंत आली होती.

रुचिता सहा वर्षांची. वर्गात लक्ष देत नाही, दोनदा सांगितल्याशिवाय ऐकत नाही, अशी शाळेची तक्रार. मानसीने तिला मीरा रोडच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी समजावून सांगितलं, "पोरगी हट्टी नाहीये, तिला ऐकूच कमी येतंय. दोन्ही पडद्यांच्या मागे चिकट पाणी साठलंय. औषधं देऊन झाली, महिने गेले, हटत नाही. छोटंसं ऑपरेशन करून पाणी काढू, इवलीशी नळी बसवू. फार लांबवू नका, हे तिचं शिकायचं वय आहे." गुरुवार ठरला होता.

मुक्ताबाईंनी ते दाजींच्या कानावर घातलं. दाजींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "सुरी? नादाच्या दारावर सुरी?" त्यांनी खिशातली एक सिद्ध पेटी रुचिताच्या ओंजळीत ठेवली. पोरीने हेडफोन लावला आणि तिचा चेहरा उजळला.

"आजी, गाणं ऐकू येतंय!"

मुक्ताबाईंनी नातीला पोटाशी धरलं आणि त्या क्षणी गुरुवार पुढे गेला. दाजी रोज येणार, म्हणून पाटावरच्या दोन्ही पेट्या आणि वॉकमनही मानसीच्याच घरी मुक्कामाला राहिले.

"एक महिना बघू या ना," मानसीचा नवरा उदय रात्री जेवताना म्हणाला. "आईला किती बरं वाटतंय."

"अहो, हेडफोन काढला की तिला पुन्हा तेवढंच ऐकू येतं. मी मागून हाक मारली, तिने वळूनही पाहिलं नाही."

"हळूहळू होईल गं."

मानसीने भात वाढला. बोलायला तिच्याकडे पुरावा काय होता? डॉक्टरीणबाईंचा शब्द, आणि समोर सगळी इमारत डोळे पुसत बसलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई लवंडल्या होत्या. मानसी रुचिताची वेणी घालत होती. तिने सहज, पण तिला ऐकू जाईल असं कानाशी वाकून विचारलं, "बाळा, शेंदूरवाल्या पेटीत गाणं कसं लागतं गं?"

"जवळ."

"जवळ म्हणजे?"

"नुसत्या काळ्या पेटीत त्या बाई दाराशी उभ्या राहून गातात. शेंदूरवालीत इथे येऊन गातात." रुचिताने आपल्या गुडघ्यासमोरची फरशी दाखवली.

"पण गळा वेगळा लागतो का? जास्त गोड?"

"नाही गं आई, त्याच बाई. तू स्वयंपाकघरातून बोललीस तरी तूच ना? नुसती लांब."

मानसीचा हात वेणीतच थांबला. या लेकराने सगळं जग दोनच भागांत वाटून घेतलं होतं, जवळचं आणि लांबचं. आणि लांबचं जग रोज थोडं थोडं पुसट होत होतं. आणि त्याच घटकेला मानसीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोड नाही, शुद्ध नाही, सोवळं नाही. नुसतं जवळ!

वेणी अर्धी राहिली. मानसीने नव्यानेच आलेला टेलिफोन उचलला, रिसीव्हर टेपरेकॉर्डरच्या माइकशी धरला आणि त्यातला 'ट्रूंऽऽ' कॅसेटवर भरून घेतला. गाणं वरखाली होतं, मन त्यात गुंतून पडतं. हा आवाज मात्र सरळ रेघेसारखा. तो तिने आधी कोऱ्या पेटीतून ऐकला, मग सिद्ध पेटीतून. शेंदूरवालीत तो मोठा होता. फार नाही, किंचित. इतका किंचित की गाण्यात तो 'मोठा' असा कळायचाच नाही. नुसतं सगळं भरदार, उजळ, टाळ चमकल्यासारखं वाटायचं.

दाजी वॉकमनच्या चाकाला बोट लावत नव्हते हे खरंच होतं. लावायची गरजच नव्हती. आवाज पेटीच्या पोटात वाढवून ठेवला होता.

मग तिने चाक जरा जरा फिरवत दोन्ही पेट्यांचा 'ट्रूंऽऽ' एकसारखा केला आणि चाकावर नेलपॉलिशच्या खुणा केल्या. आता तेच गाणं लावलं. कोरी, सिद्ध, कोरी, सिद्ध. डोळे मिटून ऐकलं, श्वास रोखून ऐकलं. बाई एकाच जागी उभ्या राहून गात होत्या. तिला हसू फुटलं. रुचिताही हसली, का ते न कळता.

संक्रांत नुकतीच झाली होती. मानसीने हळदीकुंकू ठरवलं आणि दाजींना खास आमंत्रण दिलं.

"दाजी, बायकांना अनुभव द्यायचाय. पण इतक्या जणी येणार, कोण कुठे शिवून आली असेल सांगता येतं का? सिद्ध पेटीवर कुणाची नजर नको. मी म्हणते, चादरीचा पडदा बांधू. आत पेट्या मी लावीन, न्हाऊन-धुऊन."

आपलंच सोवळं आपल्यावर उलटतंय हे दाजींच्या ध्यानात यायला काही कारण नव्हतं. "व्वा, माउली! तुम्हाला ही विद्या लवकर साधेल."

वाण लुटून झालं, तिळगूळ झाला. पडद्याखालून हेडफोनची वायर बाहेर आली. मानसी आतून म्हणाली, "पहिली पेटी ऐका, मग दुसरी. ज्यांना पहिली सिद्ध वाटली त्यांनी तांब्यात हळकुंड टाका, दुसरी वाटली तर सुपारी. तोंडाने बोलायचं नाही, एकीचं ऐकून दुसरी सांगते." खालच्या मजल्यावरच्या अंबिकावहिनींनी ऐकलं, जयाबेननी ऐकलं, मुक्ताबाईंनी पुन्हा डोळे पुसले. उदय आणि हरिश्चंद्रकाका स्वयंपाकघराच्या दारात बायकांमध्ये शिरल्याच्या संकोचात उभे होते, त्यांनीही ऐकलं. शेवटी दाजी बसले. हेडफोन लावला. पहिल्या पेटीला त्यांनी नाक मुरडलं. दुसरी लागली आणि ते डोलायला लागले.

"हीच! बघा, प्राण आला! वीज कशी सोवळी झाली!"

अंबिकावहिनींनी तांब्या उपडा केला. सुपाऱ्याच सुपाऱ्या. हळकुंड औषधालाही नाही.

मानसीने चादर ओढली. हेडफोनची वायर ज्या दुसऱ्या पेटीत होती, तिच्यावर शेंदूर नव्हता. ती कोरी होती.

बायका पेटीकडे वाकून बघायला लागल्या. मग दाजी उसळले, "बाटवलीत! बाईंनी पेटी बाटवली!"

"मी फक्त वॉकमनचं चाक फिरवलं, दाजी. आज कोऱ्या पेटीचा आवाज बोटभर जास्त ठेवला. रोज तुमची सिद्ध पेटी जेवढा ठेवते तेवढाच. आता दोन्ही सारखे करते. तुम्हीच ओळखा."

तिने खुणेवर चाक आणलं, चादर पुन्हा बांधली. दाजींनी ऐकलं. पुन्हा मागितलं. घाम पुसला. "पहिली," ते म्हणाले. पहिली कोरी निघाली. पुन्हा लावलं. "दुसरी." या वेळी बरोबर आलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आशा आली. पुढच्या दोन खेपांना दोन्हीदा चुकले. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हॉल आवरेना.

"मला पहिल्यापासून शंका होतीच," हरिश्चंद्रकाका म्हणाले.

"हो ना काका, कलर टीव्ही!" अंबिकावहिनी म्हणाल्या.

काकांनी लाज झाकायला स्क्रूड्रायव्हर आणला आणि दोन्ही पेट्या उघडल्या. आत तेच पत्रे, त्याच तारा; सिद्ध पेटीतला आवाजाचा स्क्रू तेवढा जास्त पिळलेला. सिद्ध पेटीत एक तुकडा जास्त निघाला, फरशीचा. पेटी हाताला जड लागावी म्हणून चिकटवलेला.

दाजी त्या तुकड्याकडे बघत राहिले. "हे मी नाही ठेवलं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज साधा झाला. "गुरूंकडून पेट्या अशाच येतात. मी नुसता शेंदूर लावतो."

"मानसी," मुक्ताबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "पण मला श्वास ऐकू आला होता गं. खोटं नाही बोलले मी."

मानसी त्यांच्यापाशी येऊन खाली बसली. "तुम्ही खोटं बोललाच नाहीत, आई. मलाही ऐकू आला होता. तो श्वास कॅसेटवर आहेच, आवाज थोडा वाढला की वर येतो. आपले कान खोटे नाहीत, पण भोळे आहेत. थोडं मोठं ऐकलं की त्यांना ते चांगलं वाटतं, आणि चांगलं आहे असं कुणी आधी सांगितलं की आणखीच चांगलं वाटतं. म्हणून पेटी घ्यायची झाली, कुठलीही, टेबलावरची की खिशातली, तर आधी आवाज सारखा करा, कुठली कुठली ते झाका आणि मग ठरवा. एवढं केल्यावर जो फरक उरेल तो खरा." तिने रुचिताला जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "रुचिलाही पेटीने नुसतं मोठं ऐकवलं. पाणी आहे तिथेच आहे."

मुक्ताबाईंनी नातीच्या केसांवरून हात फिरवला. "सुरीची भीती वाटते गं मला. इवलासा कान."

"मलाही वाटते, आई."

"मग दोघी मिळून भिऊ. गुरुवारचं पुन्हा ठरव, मी पण येते." आणि उदयकडे वळून, "तू रजा टाक. नुसतं आईला बरं वाटतंय, आईला बरं वाटतंय करू नकोस!"

बायका पांगल्या. मानसी रुचिताला कडेवर घेऊन गॅलरीत आली. खाली दाजी बस स्टॉपकडे चालले होते. पेट्या त्यांनी नेल्या नव्हत्या. फरशीचा तो तुकडा तेवढा हातात होता, आणि मध्येच थांबून ते तो उलटासुलटा करून बघत होते.

रुचिताने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. आई काय म्हणते ते तिला ओठांवरून नीट कळायचं.

"आई, दाजींना पण कुणी फसवलं होतं का?"

"हो बाळा, मला वाटतं त्यांनाही," मानसी सावकाश म्हणाली. पोरगी तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली.